सूपभर बाजरीचं बाळ

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. लग्नात कुणी "सिस्टर, ओळखलं का?" म्हणून समोर उभं राहिलं की मी तोंडभर हसते आणि मनातल्या मनात त्या माणसाला दीड महिन्याचं करून बघते. मांड्या मात्र मी विसरत नाही. सुई दिसायच्या आधीच जांभळा पडणारा, आईच्या पदराला घट्ट धरून तिलाच उघडं पाडणारा, सुई टोचून झाली तरी रडायचं विसरून जाणारा आणि रिक्षात बसल्यावर एकदम आठवून भोकाड पसरणारा, हे सगळे मला पाठ आहेत. त्यातले काही आता मोटारसायकली उडवतात आणि मी दिसले की वेग वाढवतात.

मी नाशिकला, सातपूरच्या पुढे कारखान्यांच्या वस्तीत लहान मुलांना लस टोचायचं काम करते. तीन मजली इमारतींच्या रांगा आहेत. एका जिन्याला सटाण्याकडचे, दुसऱ्याला पेठ-सुरगाण्याचे, तळमजल्याला बिहारचे, आणि सगळ्यांचं धुणं एकाच गॅलरीत. खांद्याला लसीची निळी पेटी, काखेत रजिस्टर आणि दोन दुखरे गुडघे एवढं घेऊन मी जिने चढते. बरोबर वस्तीची 'आशा' स्वयंसेविका, म्हणजे आमची आशाताई, असते. तिचे गुडघे शाबूत आहेत. ती माझ्या आधी वर पोचते आणि कठड्यावरून वाकून "या सिस्टर, या, हळू या" असं म्हणते. तिचं ते 'हळू या' मला गुडघ्यांपेक्षा जास्त दुखतं.

माझी एक खोड आहे. यादीतून एकही मूल सुटलेलं मला खपत नाही. मुलांना गावी पाठवून दिलंय म्हणणाऱ्या घरात मी पाणी मागते आणि पाणी येईपर्यंत पलंगाखाली बघून घेते. आमचे डॉक्टर एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले, "सिस्टरांच्या यादीतून मांजराचं पिल्लूसुद्धा सुटायचं नाही." त्या एका वाक्यावर मी वर्षभर पोसले. गर्वाचं घर खाली, असं म्हणतात. माझ्या गर्वाचं घर मात्र दुसऱ्या मजल्यावर निघालं.

त्या घरात तिघं होती. सटाण्याकडून आलेली एक आजी, तिचा कारखान्यात पाळ्या करणारा मुलगा आणि सून. सुनेची दोन बाळं गेली होती. पहिलं पोटातच, आठव्या महिन्यात. दुसरं नऊ दिवसांचं होऊन. ते दुसरं मी पाहिलं होतं, आणि ज्या दिवशी ते गेलं त्या दिवशी माझ्या हातून काही धड झालं नाही. तिसऱ्या वेळी पाचवा महिना लागताच ती माहेरी निघून गेली. आमच्याकडे नाव नाही, गाव नाही. मी विचारलं की आजी म्हणायची, "ती माहेरले गयी," आणि दार लोटून घ्यायची.

पुढे कितीतरी महिन्यांनी सून परत आल्याचं कळलं. मी लगेच पेटी घेऊन दारात हजर. आजीने दार अर्धंच उघडलं.

"आजी, सूनबाई आल्या म्हणे. बाळ कसं आहे?"

"आमना घरमा पोर नही शे," आजी म्हणाली. अगदी कोरडं, जसं वाण्याने 'साखर नाही' म्हणावं.

मी मनात म्हटलं, हेही गेलं! बापांवर ओरडणारी, सासवांना गप्प बसवणारी मी, पण पुढे एक शब्द विचारायचा धीर झाला नाही. रजिस्टरमध्ये त्या घरापुढे 'मूल नाही' असं लिहिलं. मग आत गेले, सुनेजवळ बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "धीर सोडू नकोस गं. वय आहे अजून." तिने तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागले. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. आता ती सांगते की त्या वेळी तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं आणि आधी काय करावं ते कळत नव्हतं.

बाहेर पडले तर शेजारच्या दारात निफाडकडची एक ऐसपैस बाई उभी होती. ती डबे करून द्यायची, तिची मुलं मोठी, शाळेत जाणारी. तिच्या कडेवर एक गुटगुटीत मुलगा होता.

"हा कोण नवा?" मी विचारलं.

"पाव्हणा हाय," ती म्हणाली.

"डोस झालेत का याचे?"

"त्याच्या घरी बघतील की."

बाई एक अक्षर खोटं बोलली नव्हती, हे मला आज मान्य आहे. मी पाहुण्याचा गालगुच्चा घेतला, त्याने माझं रजिस्टर चावलं. आणि मग मी शहाणपणा केला. तिला बाजूला घेऊन कुजबुजले, "याला त्या शेजारच्या ताईसमोर फार नेऊ नका. तिला वाईट वाटेल." बाई माझ्याकडे बघतच राहिली. "बरं," म्हणाली आणि तिने भसकन दार लावलं. आतून खो-खो हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, टीव्ही लागलाय.

असे महिन्यांवर महिने गेले. दर फेरीला शेजारच्या घरी मूल नाही, आणि या घरचा पाहुणा गेल्या खेपेपेक्षा जाड. पोलिओच्या रविवारनंतर घरोघरी फिरले तेव्हाही, पाहुण्याचं त्याच्या घरी होत असेल असं धरून, मी दोन्ही दारांवर खडूने 'सगळं ठीक'ची खूण केली. पाहुणा इतके दिवस कसा राहतो, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे पाहुणे राहतातच.

शिमग्याच्या आधी मागच्या रांगेतल्या एका मुलीला ताप आला आणि अंगावर पुरळ उठलं. गोवर. तपासणीचा कागद यायच्या आधीच मला तिचे लाल डोळे बघून कळलं होतं. गोवर दार वाजवून येत नाही, एका खोलीतून दुसरीत नुसता श्वासाबरोबर जातो. आम्ही पुन्हा घरोघर निघालो. कुणाचा डोस राहिलाय, कुणाला ताप आहे, सगळं नव्याने. आणि त्याच सकाळी, कचऱ्याची घंटागाडी चौकात उभी असताना, गाडीवरच्या बाईने मला हाक मारली.

"सिस्टर, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजीचं बाळ किती महिन्यांचं हाय हो?"

"त्या घरात बाळ नाही," मी म्हटलं. माझी यादी मला पाठ.

"मंग डायपर कोण वापरतं? आजी?"

मग तिनेच समजावून सांगितलं. रोज सकाळी आजीच्या डब्यात तीन-चार डायपर असतात. शेजारच्या डबेवाल्या बाईकडे नुसती भाजीची देठं. "ज्या घरात पोर नाय, त्याच घरचा कचरा वल्ला," ती म्हणाली, आणि घंटा वाजवत गाडी पुढे गेली.

त्या दिवशी जिना मी आशाताईच्या आधी चढले. गुडघ्यांना विचारलंच नाही. दार वाजवलं नाही, ढकललं. आत चटईवर माझा पाहुणा पालथा पडून एका वाटीशी झटापट करत होता. सून त्याच्यासमोर बसलेली, तोंडाने टकटक आवाज काढत. मला बघून तिने मुलाला झटकन बाजूला सारलं, जणू दुसऱ्याची वस्तू हाताळताना पकडली गेली.

"हे काय आहे?" मी ओरडले. "मी इथे बसून तुझं सांत्वन केलं! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं!"

आजी उठली नाही. "ईकी टाका त्याले," ती म्हणाली. विकून टाकला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन गेली म्हणून तिसऱ्याला आजीने विकलं. ही चाल मला माहीत नव्हती असं नाही. ज्यांची मुलं जगत नाहीत ते नवं बाळ सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात, शेजारीण ते उचलते, बदल्यात सूपभर धान्य देते, आणि मूल तिचं होतं. मग वरून न्यायला आलेल्याला कळत नाही कुणाचं न्यायचं. जावळ होईपर्यंत आईने 'माझं' म्हणायचं नाही. त्याचं एक नावही ठेवलं होतं. मी इथे कुणाचीच नावं सांगत नाही, त्याचं तर नाहीच. रस्त्यात आडवी आली तर पायाने बाजूला सारावी अशा वस्तूचं ते नाव होतं.

पण मला हे माहीत असूनही सुचलं नाही, कारण कॉलनीत उकिरडा नव्हता. त्यांनाही तीच अडचण आली होती. शेवटी सूप खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी ठेवायचं ठरलं. ओल्या कचऱ्याच्या की सुक्या, यावर जिन्यात बराच वेळ गेला. आजीने स्वच्छतेच्या दृष्टीने सुका निवडला. तेवढ्यात वॉचमनने पाहिलं, कुणी मूल टाकून चाललंय म्हणून शिट्टी फुंकायला सुरुवात केली, आणि डबेवालीला धावत येऊन मूल उचलावं लागलं. घाईत बाजरी निम्मी जिन्यात सांडली. आजीने ती वेचून घेतली. व्यवहार पुरा झाला पाहिजे ना!

आवाज ऐकून डबेवाली आली. आता मी तिच्यावर घसरले. "तुम्ही विकत घेतलंत ना? मग डोस कुणी द्यायचे?"

"म्या म्हणलं, आई देतीच असंल."

सून म्हणाली, "मला कसं जमणार? मी नेलं तर माझं नाव लिहितात. मला वाटलं, काकू त्यांच्या नावाने नेत असतील."

दहा महिने! सटाण्याला, सुनेच्या माहेरी, जन्मल्याबरोबर टोचलेलं तेवढंच. नंतरचं काहीही नाही, कारण दोन्ही घरांना वाटत होतं की दुसऱ्या घरी चाललंय. एका मुलाची दोन घरं, आणि माझ्या यादीत तो एकाही घरात नव्हता. आणि मागच्या रांगेत गोवर. राग त्यांचा आला त्याहून जास्त माझा मलाच आला. मांजराचं पिल्लू सुटत नाही म्हणे. हा मुलगा माझं रजिस्टर चावत होता!

मी सांगितलं, उद्या अंगणवाडीत लसीकरण आहे, याला आणायचं.  आजीने अट घातली. मूल शेजारीण आणेल, कार्डावर शेजारणीचं नाव. सुनेचं नाव कागदावर यायला नको. तोंडाने बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावरचं राहतं, आणि कागद कोण वाचेल ते सांगता येत नाही. "माझं लिहा की," डबेवाली म्हणाली. मी म्हटलं, बघू. आधी मूल तर येऊ दे.

दुसऱ्या दिवशी आली वरात. पुढे डबेवाली, कडेवर मुलगा. दहा पावलं मागे सून, हातात पिशवी, पिशवीत डायपर, पाण्याची बाटली, खुळखुळा, दोन झबली आणि एक दुपटं. इतकं सामान वाहणारी शेजारीण मी जन्मात पाहिली नाही. आजी बाहेरच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसली, ऊन खायला आल्यासारखी.

मी रजिस्टर उघडलं. "आईचं नाव?"

डबेवालीने पंख्याकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं. आदल्या दिवशी 'माझं लिहा की' म्हणणारी ही बाई, मी पेन टेकवताच तिने माझा हात धरला.

"सिस्टर, माझं नको."

"का?"

"दोन गेलेत त्यांचे," ती हळू आवाजात म्हणाली. "याला ताप चढला, काय झालं, तर मी काय तोंड दाखवू? बाजरी दिली म्हणून काय झालं. माझ्या हातानं नको." आणि एवढी मोठी बाई मुलाच्या टाळूवर तोंड टेकून रडायला लागली. मुलगा चिडला, वळवळला, तिच्या हातातून निसटायला लागला, दोन्ही हात मागे, दाराशी उभ्या असलेल्या पिशवीवाल्या शेजारणीकडे.

माझ्यासमोर लसीची बाटली फोडलेली, ती ठरावीक तासांत संपवायची, मागे सहा बाया पोरं घेऊन ताटकळलेल्या. माझा पारा चढला. "मला एक आई पाहिजे!" मी टेबलावर हात आपटला. "आज याला तीन सुया आहेत. ताप येईल, रडेल. याला कुणीतरी घट्ट धरायचंय. उद्या मी विचारपूस कुणाच्या दारात करू? दोन घरं मिळून एक आई निघत नाही का तुमच्यात?"

 अंगणवाडीतली पोरं 'बे एके बे' म्हणत होती तीही थांबली. सून दाराजवळच्या भिंतीला टेकून उभी होती. तिने पिशवी खाली ठेवली.

"मी आहे," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नसेल असं वाटून तिने पुन्हा म्हटलं, या वेळी चांगलं मोठ्याने. "मी आई आहे. माझा मुलगा आहे तो. द्या इकडे."

तिने त्याला जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. मुलाने तिच्या गळ्यात तोंड खुपसलं. त्याला यात नवीन काहीच नव्हतं.

तेवढ्यात आजी आत आली. ती आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. मान वर करून, ट्यूबलाइटच्या दिशेने तिने ठणाणा सुरू केला. "ती खोटं बोलस! आयकू नको तिनं! पोऱ्या शेजारनीना शे! बाजरी लिधी आम्हीन!"

सुनेचा चेहरा पांढरा पडला. पण डबेवाली व्यवहाराला पक्की. तिने पदराने डोळे पुसले आणि तीही छताकडे बघून ओरडायला लागली. "हां, हां, माझाच हाय! नकटं हाय, काळं हाय, अंगाला वास मारतो! कोण कशाला न्यील असलं ध्यान!" दोघी मिळून ट्यूबलाइटला पटवत होत्या. मागच्या सहा बायांपैकी दोघींनी, ओळख ना पाळख, "हो हो, नकटंच आहे" म्हणून री ओढली. आशाताईने कपाळाला हात लावला.

मी त्या गदारोळात कामाला लागले. तोंडात थेंब घातले. डावी मांडी, उजवी मांडी, मग दंडाला गोवराची. सुनेने त्याला असं धरलं होतं की मला कुणाची मदत लागली नाही. मुलगा रडला, अगदी जीव तोडून रडला, पण त्या दोघींच्या आवाजात त्याचं रडणं कुणाला ऐकूच गेलं नाही. इतक्या वर्षांत असं लसीकरण मी दुसरं केलेलं नाही.

शेवटची सुई काढली तशी आजी दमून गप्प झाली. तिने छताकडे एकदा नजर टाकली, मग माझ्या टेबलाशी येऊन वाकली, इतकी की तिचं कपाळ माझ्या रजिस्टरला लागेल.

"लिखी टाक, बाई," ती माझ्या कानात म्हणाली. "तिनंच नाव लिख. पन बारीक अक्षरमा लिख. वरथीन वाचता येवाले नको."

मी हसले नाही. हसू आलंच नाही. पिशवीतून बारीक टोकाचं पेन काढलं, कार्ड जवळ ओढलं आणि 'आईचे नाव' या शब्दांपुढे तिचं पूर्ण नाव लिहिलं, मुंगीच्या पावलाएवढं, टेबलाशी नाक लावून. आजीने ते निरखून पाहिलं, तिला काही दिसलं नाही, आणि तिने समाधानाने मान हलवली. मग मी कार्ड सुनेला दिलं. अर्धा तास इथेच बसायचं, ताप आला तर हे औषध, पुढचा डोस चार आठवड्यांनी, हे सगळं मी तिला सांगत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. तिने कार्ड डोळ्यांजवळ नेलं, बोटाने ओळ शोधली, आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि रडायला लागली. मांडीवरचा मुलगा तोवर गप्प झाला होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता.